भातुकली ही संसाराची तालीम नव्हे

लहान मुलींच्या खेळाकडे मराठी घरांतून ज्या दृष्टीने पाहिले जाते ती कौतुकाची असते, यात शंका नाही; परंतु त्या कौतुकात एक जुना हिशेब दडलेला आहे. पाच वर्षांच्या मुलीने परसात तीन दगडांची चूल मांडली, बोळक्यात वाळूचा भात शिजवला आणि तो बाहुलीला भरवला की आजीचा ऊर भरून येतो. ‘आतापासूनच किती शहाणी!’ असे म्हणत ते दृश्य शेजारणीला दाखवले जाते. तीच मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच बोळक्याला गलबत ठरवते, बाहुलीला त्या गलबताची तांडेल नेमते आणि माजघरातल्या फरशीवर समुद्र ओतते, तेव्हा मात्र कौतुक ओसरते. ‘पसारा आवर’ असा हुकूम सुटतो. वास्तविक दोन्ही दिवशी खेळ एकाच जातीचा होता. पहिल्या दिवशी मुलीची कल्पना वडीलधाऱ्यांच्या अपेक्षेच्या वाटेने चालली आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची वाट धरली, एवढाच काय तो फरक.

अलिबाग तालुक्यातील रेवदंडा गावाचे उदाहरण या संदर्भात घेण्यासारखे आहे. कुंडलिकेच्या मुखाशी पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात कोट बांधला. त्या कोटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, रस्ता तटाच्या भिंतीतूनच आत शिरतो आणि सातखणी नावाने ओळखला जाणारा पडका मनोरा अजून उभा आहे. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला आहे. त्याच्या पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक स्वतंत्र बोली आजही घरात बोलतात. शेजारच्या चौल बंदरात पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी उतरला, तो विकण्यासाठी एक घोडा बरोबर घेऊन. बेने इस्रायली समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज याच किनाऱ्यावर, नवगावजवळ, गलबत फुटून आले; त्या समाजाचे प्रार्थनामंदिर रेवदंड्यात आहे. इतक्या गोष्टी जिथे हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे वाढणाऱ्या मुलीच्या डोक्यात फुटलेली गलबते, परके व्यापारी आणि बोलणारे घोडे आले नाहीत तरच नवल.

सामग्रीचीही वाण नाही. माडाची वाळलेली पोय ही तयार होडी असते. पोफळीच्या विरीवर धाकटीला बसवून थोरलीने ओढले की गाडी झाली. करवंट्या, शिंपले आणि झावळीचे हीर यांतून दुपारभरात एक नगर वसते. अशा गावातील एखादे नोकरदाराचे घर डोळ्यांसमोर आणावे. वडील सकाळच्या एसटीने अलिबागच्या कचेरीत जातात, आई शाळेत शिकवते, घरात आजी आणि दोन मुली. या मुली ‘च’च्या भाषेत बोलू लागल्या की मोठ्यांना ती कटकट वाटते; खाडीपलीकडची एक अख्खी बोली घराघरांतूनच टिकून राहिली, हे त्या वेळी कुणाला आठवत नाही. थोरली सांगते की विहिरीत एक म्हातारी राहते आणि ती पावसाळ्यात समुद्रावर जाते. धाकटी तिला विचारते, ‘ती परत कशी येते?’ या प्रश्नाला उत्तर शोधताना थोरलीला गोष्ट पुढे न्यावी लागते. बाहेरून पाहणाऱ्याला यात केवळ वेळेचा अपव्यय दिसतो.

खेळ आणि थाप

अशा बोलण्याने मुलीला खोटे बोलायची सवय लागेल, अशी भीती पुष्कळ घरांतून व्यक्त होते. ती अनाठायी आहे. थाप मारणाऱ्याला ऐकणाऱ्याने फसावे असे वाटते. खेळणाऱ्या मुलीला ऐकणाऱ्याने खेळात यावे असे वाटते. वाळूचा भात तिने आजवर खरोखर गिळलेला नाही. खरे आणि मानलेले यांतील सीमारेषा तिला ठाऊक असते, म्हणून तर ती रेषा ओलांडण्यात तिला मौज वाटते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या एका व्याख्यानात जेम्स सली या इंग्रज अभ्यासकाचे एक निरीक्षण उद्धृत केले होते. पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींनी ‘बहिणी-बहिणी’ खेळायचे ठरवले. वरवर हा वेडेपणा वाटतो, कारण त्या बहिणी होत्याच. परंतु व्हायगॉट्स्कींनी त्यातला मर्म ओळखला. एरवी त्या मुली बहिणी म्हणून जगत होत्या, पण त्याचा विचार करीत नव्हत्या. खेळात मात्र बहिणीने कसे वागायचे असते, याचा प्रत्येक क्षणी विचार करणे त्यांना भाग पडले. कल्पनेच्या खेळालाही नियम असतात आणि ते मूल स्वतःहून पाळते. जी मुलगी जेवताना दोन मिनिटे स्थिर बसत नाही, ती ‘पुतळा’ झाल्यावर निश्चल उभी राहते. संयम, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवण्याची शक्ती आणि समोर नसलेल्या वस्तूचा विचार करण्याचे सामर्थ्य हे गुण शिकवणीच्या वर्गात शिकवता येत नाहीत. ते परसातल्या या खेळात मिळतात.

कौतुकामागचा इतिहास

असे असताना आपल्या परंपरेने मुलींच्या खेळांपैकी नेमके कोणते खेळ जपले, हे पाहण्यासारखे आहे. भातुकली जपली, बाहुला-बाहुलीचे लग्न जपले, हस्त नक्षत्रातला भोंडला जपला. भोंडल्याच्या गाण्यांत विलक्षण कल्पकता आणि विनोद आहे. झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ तर निव्वळ तर्काचा आणि कल्पनेचा. पण या गाण्यांतला मोठा भाग सासरचा आहे. सहा वर्षांची पोर सासूच्या तक्रारी फेर धरून गाते, तेव्हा तिच्यापुढे तिचे भविष्यच खेळ म्हणून मांडलेले असते.

त्याचे कारण इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी यांचा विवाह नवव्या वर्षी झाला, रमाबाई रानडे यांचा अकराव्या. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेवढ्यानेही महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! मुलींच्या विवाहाचे वय १९२९ च्या शारदा कायद्याने चौदा आणि १९७८ च्या दुरुस्तीने अठरा झाले. ज्या काळी खेळातली चूल आणि खरी चूल यांच्यात दोन-चार वर्षांचेच अंतर असे, त्या काळी भातुकली ही तालीमच होती. मुलीला पुढे जे करायचे ते तिने लवकर शिकावे, यात तेव्हाच्या वडीलधाऱ्यांना दयाही दिसत असेल. परंतु विवाहाचे वय वाढले, मुली शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, तरी खेळाकडे पाहण्याची ती नजर बदललेली नाही.

मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की याचा प्रत्यय येतो. तिच्या खेळण्याच्या वेळेला हळूहळू कात्री लागते. पाण्याचा तांब्या, ताटे मांडणे, धाकट्याला सांभाळणे, केर काढणे ही कामे एकेक करून तिच्याकडे येतात. त्याच घरातील तिच्या वयाचा मुलगा मैदानावर असतो. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो, तेव्हा बुरूज कुठे असावा हे भाऊ ठरवतो आणि बहिणीने रांगोळी काढावी अशी अपेक्षा असते. खराखुरा कोट ज्या गावाला वेढून आहे, तिथल्या मुलीलाही किल्ल्याची रचना ठरवण्याचा अधिकार सहजी मिळू नये, हा विरोधाभास कुणाला खटकत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली सहा वर्षांवरील व्यक्तींची वेळ-वापर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोबदला कामात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. हा फरक लग्नाच्या दिवशी अचानक निर्माण होत नाही. त्याची सुरुवात बालपणीच होते, आणि त्यासाठी लागणारी मिनिटे मुलीच्या खेळातून कापून घेतली जातात.

ज्यांनी जागा दिली

मुलींच्या कल्पनेला गंभीरपणे जागा दिली तर काय घडते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. शकुंतलाबाई परांजपे यांची कन्या सई हिचे ‘मुलांचा मेवा’ हे गोष्टींचे पुस्तक ती आठ वर्षांची असताना प्रसिद्ध झाले. पुढे बालनाट्याच्या क्षेत्रात आणि ‘स्पर्श’, ‘कथा’ यांसारख्या चित्रपटांत सई परांजपे यांनी जे केले ते सर्वज्ञात आहे. इंग्लंडमधील हॉवर्थ या गावी १८२६ साली ब्राँटी नावाच्या धर्मोपदेशकाने मुलासाठी लाकडी शिपाई आणले. बहिणींनी त्यांतला एकेक शिपाई उचलला, त्याला नाव दिले आणि भावासह त्या शिपायांची काल्पनिक राज्ये उभारली. शार्लट वीस वर्षांची असताना रॉबर्ट साउदी या राजकवीने, वाङ्मय हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही, असे तिला कळवले. दहा वर्षांनी, १८४७ साली, तिची ‘जेन एअर’ प्रसिद्ध झाली. लेकींच्या कल्पनेचे पंख कापण्याची वृत्ती ही केवळ आपल्याकडची नव्हे, हेही यावरून दिसते.

यावर कुणी म्हणेल की ही सुस्थित, सुशिक्षित घरांची चैन झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्याने या आक्षेपाला उत्तर दिलेले आहे. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी बालशिक्षण नेले, ते आदिवासी वस्तीच्या अंगणात. थोरली बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे त्यांनी पाहिले; म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. साधने परदेशी मागवली नाहीत. पाने, बिया, शिंपले, खडे हीच साधने झाली. कल्पनेला पैसा लागत नाही, परंतु मूल सांभाळण्याच्या ओझ्यातून मुलीला मोकळे करावे लागते, हा कोसबाडचा धडा आहे.

शाळांनीही आपल्याकडे पाहावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कृती आणि शोध यांतून शिकवण्यास सांगितले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा टप्पा खेळावर आधारलेला असावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात चार वर्षांच्या मुलीला गृहपाठ असतो. मराठीच्या परीक्षेत कल्पनात्मक निबंध असतो आणि तो बाजारातल्या निबंधांच्या पुस्तकातून पाठ करून लिहिला जातो. ‘सूर्य उगवला नाही तर’ या विषयावर चाळीस मुलांच्या वह्यांत एकच कल्पना, तीही दुसऱ्याची, सापडते. आणि ज्या मुलीने विहिरीतल्या म्हातारीबद्दल लिहिले तिला ‘विषयांतर’ असा शेरा मिळतो. हा शेरा लिहिणाऱ्या शिक्षकाला अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, हे मान्य. पण असा एक शेरा मुलीच्या कायमचा लक्षात राहतो.

घरांची अडचणही समजून घेतली पाहिजे. सांडलेला समुद्र शेवटी आईलाच पुसावा लागतो. दिवसभर शाळेत शिकवून, संध्याकाळी भाकरी थापणाऱ्या बाईने मुलींच्या नगराचे कौतुक करावे, ही अपेक्षा तिच्यावरचा आणखी एक भार ठरेल. तेव्हा मुलींच्या खेळाचा प्रश्न आईच्या कामाच्या प्रश्नापासून वेगळा करता येणार नाही. कचेरीतून आलेल्या वडिलांनी फरशी पुसली, भावाने ताटे मांडली, तर दोन्ही प्रश्न थोडे थोडे सुटतात. त्यासाठी कायद्याची गरज नाही. मुलांच्या हाती भ्रमणध्वनी देऊन घर शांत करण्याची जी सोय सापडली आहे, ती रोज वापरण्याचे मात्र टाळावे. त्या शांततेत मुलगी दुसऱ्याने रचलेल्या गोष्टी पाहत असते.

घरोघरच्या पालकांनी एवढे करावे: दिवसातला एक तास मुलीचा असावा आणि त्या तासात तिला कोणतेही काम सांगू नये. तिने बोळक्याची चूल केली तरी चालेल, गलबत केले तरी चालेल. निवड तिची असावी. ती गोष्ट सांगू लागली तर मोठ्यांनी पुरी ऐकावी, जमल्यास एखाद्या जुन्या वहीत उतरून ठेवावी. या दिवाळीत किल्ल्याचा बुरूज कुठे बांधायचा, हे एकदा तिला विचारावे. स्वयंपाक, संसार आणि नोकरी शिकण्यासाठी तिच्यापुढे सारे आयुष्य आहे. विहिरीतली म्हातारी समुद्रावरून परत कशी येते, हे शोधण्याची वर्षे मात्र थोडी असतात, आणि ती तिच्या हातून काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही घराला नाही.