लिहून घ्या, वाचून दाखवा

कर्जत तालुक्यातल्या एका ठाकुरवाडीत, म्हणजे ठाकूर आदिवासींच्या वस्तीत, परवा एका आजींनी माझ्यापुढे मोबाइल धरला. "दादा, पैशाचं काय आलंय का, बघ." मेसेज बँकेचा होता, आठवडाभर जुना आणि सगळा इंग्रजीत. केवायसी केली नाही तर खातं बंद पडेल, असा त्याचा अर्थ. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये त्याच खात्यात येतात. मी अर्थ सांगितला, तेव्हा आजी म्हणाल्या, "मंग मला समजंल असं का नाय लिवलं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानं राज्याचा कारभार मराठीत आणला. २०२२ च्या कायद्यानं स्थानिक संस्थांनाही तेच बंधन घातलं. म्हणून ग्रामपंचायतीचा दाखला मराठीत मिळतो. पण ओटीपी आणि बँकेचे मेसेज बहुतेकदा इंग्रजीतच येतात. आधारवर आडनावात एक 'ए' आणि पासबुकात दोन असले की काम अडतं. ज्यांनी ते स्पेलिंग स्वतः कधी लिहिलंच नाही, त्यांनाच दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ४४ वी नोंद पाहा: ठाकूर, ठाकर, क ठाकूर, क ठाकर, म ठाकूर, म ठाकर. 'ठाकूर' आणि 'ठाकर' अशा दोन्ही तऱ्हांनी नाव बोललं आणि लिहिलं जातं, हे त्या यादीनं मान्य केलं आहे. खिडकीवर मात्र एका अक्षराची सूट नाही.

नुसतं मराठी करूनही भागणार नाही. 'विहित नमुना', 'साक्षांकित प्रत', 'अधिवास' हे शब्द वाडीवर कोण बोलतं? ऑनलाइन सेंटरवाला फॉर्म भरतो, आजी अंगठा देतात. आपल्या नावावर काय लिहिलं गेलं, हे त्यांना कळतच नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं पोच, मुदत आणि अपील दिलं. पण हे सगळं अर्ज नीट दाखल झाल्यानंतरचं.

यावरचा उपाय आपल्याच कायद्यांत आहे. पोलीस ठाण्यात तोंडी फिर्याद लिहून घ्यावी लागते, ती वाचून दाखवावी लागते आणि प्रत फुकट द्यावी लागते. माहिती अधिकारात ज्याला लिहिता येत नाही, त्याचा अर्ज लिहायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. वनहक्काच्या दाव्यात वाडीतल्या जाणत्यांचा जबाब लिहून घेतला, की तो पुरावा ठरतो. फिर्यादीला आणि वनजमिनीला जे चालतं, ते पेन्शनला आणि रेशनकार्डाला का चालू नये?

कर्जत आणि शेजारचा खालापूर हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत, त्यामुळे इथल्या वाड्यांना पेसा कायद्याचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मिळणाऱ्या खास अधिकारांचा, आधार नाही. म्हणूनच ग्रामपंचायतीनं महिन्यातला एक दिवस ठरवून वाडीवर यावं. माणूस बोलेल ते लिहून घ्यावं, त्याला कळेल अशा बोलीत वाचून दाखवावं, मगच अंगठा घ्यावा आणि पोच हातात द्यावी. आलेले मेसेजही त्याच दिवशी वाचून दाखवावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. कर्जत आणि खालापूरच्या पंचायत समित्यांनी मनावर घेतलं तर पुढच्या महिन्यापासून हे सुरू होऊ शकतं.

आजींना केवायसीसाठी तालुक्याला जावंच लागलं. त्या दिवसाची मजुरी बुडाली. तो मेसेज वेळेवर कुणी वाचून दाखवला असता, तर मधला आठवडा तरी वाया गेला नसता.