वाफा, खुरपे आणि मजुरी

मनोरुग्णालयातील बागकामाचे कौतुक करणारे पुष्कळ असतात. पाहुण्यांना फुलांचे ताटवे दाखवले जातात, निघताना हाती एखादी कुंडी दिली जाते आणि रुग्ण कामात कसे रमले आहेत, हे समाधानाने सांगितले जाते. ज्यांनी ते ताटवे फुलवले त्यांना श्रमांचे काय मिळाले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

बागकाम हा उपचार आहे, हा विचार तसा जुनाच. फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश यांनी १८१२ साली मनोविकारांवरील ग्रंथात नोंदवले की, रुग्णालयात लाकडे फोडणारे, चुली पेटवणारे, बागेत खणणारे रुग्ण अनेकदा बरे होतात. प्रतिष्ठेमुळे या कामांतून सुटलेले मात्र भिंतींआड झुरत राहतात. सुशिक्षित घरांना हे निरीक्षण आजही झोंबावे. पदवीधर मुलाने माती उकरायची का, या प्रश्नापाशीच किती कुटुंबे अडतात!

स्किझोफ्रेनिया म्हटले की भास आणि संशय यांचीच चर्चा होते. औषधांनी ते पुष्कळदा आटोक्यात येतात. मागे उरतो तो निरुत्साह. उठायला कारण नाही, बोलायला विषय नाही, दिवसाला आकार नाही. औषधे त्यावर फारशी चालत नाहीत, आणि वाफ्याचा उपयोग नेमका येथे होतो. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, महिनाभरात जुडी बांधता येते. ज्याचे लक्ष फार काळ टिकत नाही, त्याच्याही आवाक्यातले हे फळ आहे; आंब्याचे कलम हाती देऊन पाच वर्षे थांबायला सांगणे त्याच्या कामाचे नाही. पाणी घालायचे राहिले तर रोप सुकते, पण ते रागावत नाही, आणि पुन्हा पेरता येते. बोलण्याची सक्ती नसते. शेजारी बसून खुरपणी करताना ‘जरा ती झारी द्या’ एवढे पुरते. कित्येक महिने गप्प असलेल्या माणसासाठी तेही थोडे नव्हे.

अर्थात माती हा औषधाला पर्याय नव्हे. उलट औषधांमुळेच काही पथ्ये पाळावी लागतात. काहींना उन्हाचा त्रास लवकर होतो, लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी कमी होणे धोक्याचे असते. म्हणून काम कोवळ्या उन्हात, आणि पिण्याचे पाणी हाताशी.

या कामाचा एक काळा इतिहासही आहे. पाश्चात्त्य देशांतील जुनी मनोरुग्णालये मोठमोठी शेते बाळगत आणि ती रुग्णांच्या फुकट श्रमांवर चालत. कामसू रुग्णाला घरी सोडणे मग कोणाच्या सोयीचे असणार? अमेरिकेत १९७३ साली न्यायालयाला सांगावे लागले की, काम करणाऱ्या रुग्णांनाही किमान वेतनाचा कायदा लागू आहे. भारताच्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम २० याबाबत स्पष्ट आहे. संस्थेत रुग्णावर कामाची सक्ती करता येत नाही, आणि काम केले तर योग्य मोबदला द्यावा लागतो. कलम १९ त्याहून पुढचे सांगते. कुटुंब नाही किंवा कुटुंबाने नाकारले, एवढ्याच कारणाने कोणालाही संस्थेत ठेवता येत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत पुनर्वसनाच्या इतर कामांबरोबर बागकामही शिकवले जाते. पण शिकलेला माणूस बाहेर पडून जाणार कोठे? ज्या घरात मुलीचे लग्न ठरेपर्यंत भावाचा आजार लपवला जातो, तेथे त्याला दारातल्या तुळशीलाही पाणी घालू दिले जात नाही, कोणी पाहील म्हणून.

देवस्थानच्या फुलबागेला, शाळेच्या आवाराला, सोसायटीच्या बागेला आणि गावच्या रोपवाटिकेला माणूस लागतोच. सुरुवात आठवड्यातून तीन सकाळी, दोन-दोन तासांनी करता येईल. सोबतीला जुना, समंजस माळी असावा, औषधाची वेळ त्याला ठाऊक असावी. मजुरी इतरांना मिळते त्याच दराने द्यावी, आणि ती वडिलांच्या हाती न देता त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा करावी.