नातू कोणत्या दिशेला?

आमच्या पुण्याच्या घरीं माजघराच्या भिंतीवर जगाचा एक मोठा नकाशा टांगलेला आहे. आजी रोज दिवेलागणीस देव्हाऱ्यापुढें हात जोडतात आणि मग क्षणभर पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहतात. थोरला नातू सॅन फ्रान्सिस्कोस नोकरीला आहे. त्याला त्या दिशेनें आशीर्वाद द्यावयाचा हा त्यांचा नेम. नकाशांत अमेरिका डाव्या हातालाच दिसते, तेव्हां यांत कोणालाच कांहीं वावगें वाटलें नव्हतें. परंतु एके दिवशीं धाकटी पुतणी मला विचारती झाली, "काका, पृथ्वी गोल आहे, मग दादा पूर्वेकडूनही सांपडेल कीं! जवळची दिशा कोणती?"

प्रश्न बिनतोड होता. कपाटांतला पृथ्वीचा गोल काढला, दोऱ्याचें एक टोक पुण्यावर धरलें, दुसरें सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवलें आणि दोरा ताणला. तो पूर्वेला गेला नाहीं आणि पश्चिमेलाही नाहीं! किंचित् पूर्वेस कलून तो थेट उत्तरेकडे निघाला आणि हिमालय, सैबेरिया, उत्तर ध्रुवाजवळचा समुद्र व अलास्का ओलांडून कॅलिफोर्नियांत उतरला. हें अंतर सुमारें १३,५०० किलोमीटर भरतें. उलट, भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर यांवरून जाते. त्या वाटेनें सुमारें १९,००० किलोमीटर पडतात.

मग नकाशा खोटा म्हणावयाचा काय? खोटा नव्हे, तो निराळ्या कामासाठीं काढलेला आहे. संत्र्याचें साल पाटावर सपाट पसरूं गेल्यास तें फाटतें, नाहीं तर ताणावें लागतें. पृथ्वीची तीच गत आहे. मर्केटर नांवाच्या फ्लेमिश भूगोलज्ञानें १५६९ सालीं आपला नकाशा खलाशांकरितां रचला. त्यावरील सरळ रेघेच्या अनुरोधानें होकायंत्राची एकच दिशा धरून गलबत हांकतां येतें. या सोयीची किंमत म्हणजे ध्रुवांकडील प्रदेश फुगतात. साठाव्या अक्षांशावर लांबी दुप्पट व क्षेत्रफळ चौपट दिसतें.

म्हणूनच त्या नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचें वाटतें; वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारें चौदा पट आहे. आपला भारत तर ग्रीनलंडपुढें अगदींच लहान दिसतो. भारताचें क्षेत्रफळ सुमारें ३२ लक्ष ८७ हजार चौरस किलोमीटर, ग्रीनलंडचें सुमारें २१ लक्ष ६६ हजार. म्हणजे आपणच दीडपट मोठे! असा नकाशा पाहत वाढलेल्या मुलांच्या मनांत उत्तरेकडील देश थोर व आपण लहान ही समजूत कोणीं न शिकवितांही रुजूं शकते. ही गोष्ट वडील मंडळींनीं दृष्टीआड करण्याजोगी नाहीं.

मात्र दोष नेहमीं नकाशाकडेच असतो असेंही नव्हे. १९१४ सालीं खुला झालेला पनामा कालवा घ्या. अटलांटिक पूर्वेस, पॅसिफिक पश्चिमेस. तेव्हां आगबोट पश्चिमेकडे जात असणार, असें आपण बेधडक सांगतों. नकाशा उघडून पाहावा! तेथें भूमीचा पट्टाच असा वळलेला आहे कीं अटलांटिकमधून शिरलेली बोट आग्नेयेकडे जाऊन पॅसिफिकमध्यें पडते. येथें नकाशा खरा आणि आपली समजूत खोटी.

तात्पर्य, नकाशा हातीं घेतांना तो कशासाठीं काढला आहे हें आधीं विचारावें, आणि घरांत नकाशाशेजारीं एक गोलही असूं द्यावा. आज अनेक सुशिक्षित घरांतील कोणी ना कोणी परदेशीं असतें. मुलांच्या हातीं दोरा देऊन त्यांचा जवळचा मार्ग त्यांनाच शोधूं द्यावा.

आमच्या आजींनीं दोरा डोळ्यांजवळ नेऊन निरखून पाहिला व म्हणाल्या, "म्हणजे हिमालयावरूनच जायचें कीं! मग मला इतके दिवस कोणीं सांगितलें कसें नाहीं?" आतां त्या दिवेलागणीस उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहतात.