शुश्रूषा आणि पुढचे शिक्षण

पदवीचा निकाल लागला की घरोघरी ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न निघतो. ज्या घरात एखादे वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळलेले असते, त्या घरात मात्र तो पुष्कळदा निघतच नाही. नात सकाळची औषधे देते, दुपारी पाठ पुसून देते, रात्री दोनदा उठते. आणि एके दिवशी लक्षात येते की अर्जाची मुदत संपून आठ दिवस झाले. तिला कोणी ‘शिकू नकोस’ असे म्हटलेले नसते. ‘शीक’ असेही कोणी म्हटलेले नसते. आजचा लेख या न बोललेल्या गोष्टीविषयी आहे. शुश्रूषा करणाऱ्या तरुणांनी तो वाचावाच, परंतु ज्यांची शुश्रूषा होते त्या ज्येष्ठांनी तो आधी वाचावा, अशी माझी विनंती आहे.

देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी ही अडचण अधिक तीव्र असते. पदवीपर्यंतचे शिक्षण घरी राहून होते. पदव्युत्तर शिक्षणाला, विशेषतः मनाजोगता विषय हवा असेल तर, गाव सोडावे लागते. आपले विद्यापीठ अमरावतीचे, आणि आपण त्याच्या कार्यक्षेत्राच्या अगदी एका टोकाला. जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा, पण त्याहून जवळ जालना. पुढे छत्रपती संभाजीनगर, पुणे. यांपैकी कोठेही गेले तरी घरातील आजारी माणसाजवळचे एक माणूस कमी होते. म्हणून येथे प्रवेश-अर्ज हा एकट्या विद्यार्थ्याचा विषय राहत नाही. त्याची व्यवस्था सर्व कुटुंबाने मिळून लावावी लागते.

आधी ज्येष्ठांशी बोलतो. ‘माझ्यामुळे अडून राहू नकोस,’ असे आपण म्हणता, हे मला ठाऊक आहे. पण हे वाक्य पुष्कळदा ‘नाही हो आजोबा, मी कोठे जाते!’ हे उत्तर ऐकण्यासाठी म्हटलेले असते, आणि नातीला ते बरोबर कळते. त्यापेक्षा नेमके बोलावे. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तुझी काकू माझ्याजवळ बसेल, त्या वेळात तू अर्जाचे काम कर,’ असे म्हटले की त्या बोलण्याला हातपाय फुटतात. यातील खरा कठीण भाग पुढेच आहे. आंघोळ, कपडे, शौच यांसाठी ज्या एकाच हाताची सवय झाली, त्याखेरीज दुसरा हात आपल्याला नको असतो. संकोच स्वाभाविक आहे. तरीही दुसऱ्या हाताची सवय परीक्षेच्या आदल्या दिवशी होत नाही. दोन महिने आधीपासून आठवड्यातून एक-दोन वेळा ती करून घ्यावी लागते. शुश्रूषा एकाच माणसावर अवलंबून असणे रुग्णाच्याही हिताचे नाही, कारण त्या माणसाला ताप आला तरी घर ठप्प होते.

ज्येष्ठांकडे आणखी एक गोष्ट असते, जी घरात दुसऱ्या कोणाकडेही नसते: जुने कागद आणि जुनी आठवण. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी ठरावीक दिनांकापूर्वीचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक होत. आता हिशेब करून पाहा. आज सत्तरीच्या पुढे असलेले, इतर मागास वर्गातील आजोबा पहिलीत गेले ते बहुधा १९६७ च्या आधी. म्हणजे त्यांच्या प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील स्वतःच्याच नावाची नोंद हा नातवंडांसाठी उत्तम पुरावा ठरू शकतो! शाळा कोणती, गाव कोणते, तेव्हा नाव कसे लिहिले होते, हे आजोबांखेरीज कोण सांगणार? आजोबांच्या वडिलांची नोंद हवी असेल तर कोतवाल बुकाची नक्कल तहसील कार्यालयातून काढता येते. तिथेही मृत्यूचे किंवा जन्माचे साधारण साल सांगणारे माणूस लागते.

सीमेवरच्या आपल्या तालुक्यात एक खास गुंता होतो. जातीचा दाखला त्या दिनांकाला कुटुंब जिथे राहत होते तेथील कार्यालयातून मिळतो. आज देऊळगाव राजात स्थायिक झालेली काही घराणी मूळची जाफराबादकडची. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वीच्या तिकडच्या कागदांवर औरंगाबाद जिल्हा असेल, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र अर्ज कोणत्या कार्यालयात द्यायचा, हे कुटुंब कधी आणि कोठून आले यावर ठरेल. पुरावा वडिलांकडच्या नात्याचा लागतो, आजीच्या माहेरचे कागद त्यासाठी उपयोगी पडत नाहीत. पण सासरे कोणत्या साली कोणत्या गावाहून आले, हे घरात बहुतेक वेळा आजीलाच अचूक आठवते. वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणाला आधीच वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल, तर त्याची प्रत पहिल्यांदा मिळवावी. पुष्कळ धावपळ वाचते. अंथरुणावर पडल्या पडल्या होण्यासारखे हे काम आहे, आणि ते करताना रुग्णाची कळी खुलते असा माझा अनुभव आहे.

उरलेले कागद आता उजळणीपुरते सांगतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आणि लागू असेल तर उन्नत गटात मोडत नसल्याचे म्हणजे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र. या शेवटच्याची मुदत ३१ मार्चला संपते, हे लोक विसरतात आणि जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांग लागते. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव अक्षरशः जुळते का, तेही आजच पाहून ठेवा. घरात मुलगी शिकणारी असेल तर आणखी एक माहिती: २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘खर्च झेपणार नाही’ असे म्हणून विषय मिटवण्यापूर्वी हे तपासावे.

आता शुश्रूषा करणाऱ्या तरुण वाचकांशी. तुमच्या वाट्याला सलग वेळ येत नाही, म्हणून अर्जाचे काम तुकड्यांतच करायचे. त्यासाठी वर्षाचा आराखडा डोळ्यांपुढे हवा. केंद्रीय व इतर अनेक विद्यापीठांसाठीची सीयूईटी-पीजी परीक्षा अलीकडे मार्चमध्ये होते आणि तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात. एम.बी.ए., एम.सी.ए., तीन वर्षांची विधी पदवी, बी.एड. यांच्या परीक्षा राज्याचा सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. त्यांचेही अर्ज हिवाळ्यात सुरू होतात. एम.टेक.साठीची गेट परीक्षा फेब्रुवारीत, अर्ज मात्र त्याआधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात. विद्यापीठाच्या एम.ए., एम.एस्सी.चे प्रवेश पदवीच्या निकालानंतर. म्हणजे जो निकालाची वाट पाहत बसतो, त्याच्यासाठी निम्मी दारे आधीच बंद झालेली असतात. दिनांक दरवर्षी थोडे मागेपुढे होतात, तेव्हा अधिकृत संकेतस्थळच पाहा. ओळखीच्या समूहातून आलेला निरोप हा पुरावा नव्हे.

गेटचा निकाल तीन वर्षे ग्राह्य असतो, ही गोष्ट तुमच्यासारख्यांना मोलाची आहे. यंदा परीक्षा देऊन ठेवावी, घरची घडी बसल्यावर प्रवेश घ्यावा. सीयूईटी-पीजीचे तसे नाही, तिचे गुण त्याच वर्षापुरते.

घर सोडणे खरोखरच शक्य नसेल, तर दूरशिक्षणाकडे दुय्यम म्हणून पाहू नये. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून हे काम करीत आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रयोगशाळा लागणाऱ्या विषयांना हा मार्ग सोयीचा नाही. शिवाय संस्थेचे नाव मोठे असले तरी तो विशिष्ट अभ्यासक्रम आयोगाच्या मान्य यादीत आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. माझे मत विचाराल तर इतिहास, मराठी, अर्थशास्त्र, वाणिज्य अशा विषयांत घरी राहून केलेली उत्तम एम.ए., एम.कॉम. ही पुण्यात जाऊन कशीबशी केलेल्या पदवीपेक्षा सरस ठरते. मात्र दूरशिक्षण निवडल्यावर ‘ती तर घरीच असते’ म्हणून दिवसभराची सारी शुश्रूषा पुन्हा तिच्याच अंगावर पडते. अभ्यासाचे तास घरातल्या सर्वांना सांगून, भिंतीवर लिहून ठेवावेत.

मध्ये एखादे वर्ष गेलेच, तर त्याची लाज आपल्याकडे उगाच बाळगली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचे दिनांक या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. १९१३ च्या आरंभी ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले होते. वडिलांच्या आजाराची तार आली, ते मुंबईस परतले, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीचा करार झाला आणि जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. घर दुःखातून सावरेपर्यंत ती संधी थांबणारी नव्हती. पुढे १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पण परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली होती. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले; १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

तुम्हीही खंड पडण्यापूर्वी विचारून ठेवा, आणि लेखी विचारा. परदेशी विद्यापीठे मिळालेला प्रवेश वर्षभर पुढे ढकलू देतात, असे पुष्कळदा घडते. आपल्याकडे ते क्वचित होते, तरी प्रवेश घेतल्यानंतर सत्र सोडावे लागल्यास नोंदणी कायम राहते का, एवढे विभागप्रमुखांना विचारता येते. खंडाविषयी प्रतिज्ञापत्र मागितले तर ‘आजीच्या शुश्रूषेसाठी घरी होतो’ असे सरळ लिहावे. परदेशी अर्जात अभ्यासाचा हेतू सांगणारे निवेदन लागते. त्यातही हे दोन ओळींत सांगून विषयाकडे वळावे. करुणा भाकू नये. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना मात्र ही परिस्थिती सविस्तर कळवावी, कारण अशी गोष्ट दुसऱ्याने लिहिली तर शोभते. त्यांना निदान महिनाभर आधी कळवा. आदल्या रात्री केलेल्या फोनवर चांगले पत्र लिहून मिळत नाही.

रात्रपाळीसारखी झोप मोडत असेल, भूक गेली असेल, वाचलेले डोक्यात राहत नसेल, तर तो आळस समजू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येते. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर आहे.

राहिला परीक्षेचा दिवस. केंद्र बहुधा बाहेरगावी येते, सकाळच्या सत्राला पोहोचायचे तर पहाटे किंवा आदल्या सायंकाळी निघावे लागते, आणि घरी रुग्णाजवळ दुसरे माणूस असते. त्याच्यासाठी एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा: कोणती गोळी किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कूस दर दोन तासांनी बदलायची, डॉक्टरांचा क्रमांक. रुग्णाला मधुमेह असेल तर हेही लिहा: घाम, थरथर, गोंधळ दिसला तर साखर तपासावी, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही देऊ नये, १०८ ला फोन करावा. कागद उशाजवळच्या भिंतीवर लावा, आणि ज्याला बसायचे आहे त्याच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. परीक्षा चालू असताना तुमचा फोन बंद असेल, तेव्हा त्या तीन तासांत घरच्यांनी कोणाला विचारायचे ते नावही त्यावर असू द्या.