मोजल्याशिवाय हुकूम उतरू नका

शंका असेल तर हुकूम उतरा, असा सल्ला ब्रिजच्या नवशिक्यांना सर्रास दिला जातो. माझ्या मते, हा सल्ला बचावाचा विचारच थांबवतो. समजा, बदाम हुकूम आहे. खेळणाऱ्याकडे पाच, डमीत तीन, आणि डमीत किलवरचं एकच पान. डमीतून तीनदा हुकूम मारता आला तर हुकमाचे आठ हात होतात. बचावानं आधीच दोनदा हुकूम उतरला तर सहाच. इथे हुकूम उतरणं अचूक आहे. पण डमीत चौकटची लांब, भक्कम रांग असेल, तर खेळणारा स्वतःच हुकूम काढणार असतो. त्याचंच काम आपण करायचं, वर भिडूची राणीही सापडवून द्यायची? तिथे दुसऱ्या रंगातले हात झटपट वसूल करायला हवेत.

पहिल्या उतारीला डमी दिसत नाही, हा आक्षेप खरा आहे. मात्र बोली ऐकलेली असते. खेळणारा दोन रंग बोलला, त्याच्या जोडीदारानं दुसरा स्वीकारला आणि पहिल्यात आपली पानं जबरदस्त असतील, तर हुकूमच उतरावा. मोजणी केवळ प्रतिभावंतांची, हेही मला पटत नाही. खेळणाऱ्याचे पाच बदाम, चार इस्पिक कळले, चौकटच्या तिसऱ्या फेरीला त्याच्याकडे पान उरलं नाही, म्हणजे किलवर दोनच. तेराची ही वजाबाकी आहे. ब्रिज शिकवणाऱ्यांनी ती पहिल्याच आठवड्यापासून करून घ्यावी.