लोणारला मासे नकोत!

मी वाशीमची. रिसोड ओलांडून थोडं पुढे गेलं की बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार लागतं, त्यामुळे ते सरोवर आम्हाला घरचंच. मागच्या ट्रिपला काठावर उभी राहून माझी रूममेट म्हणाली, "एवढं पाणी नुसतं पडून आहे गं! मत्स्यबीज सोडलं तर गावाचं भलं होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काही ते पटलं नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी एक गैरसमज दूर करू. आजूबाजूचा दगड ज्वालामुखीचा, म्हणजे बेसाल्ट. म्हणून पुष्कळांना हे विवर ज्वालामुखीचं तोंड वाटतं. पण प्रचंड आघातातच तयार होणारी मॅस्केलिनाइट नावाची काच इथे सापडली आणि उल्कापातावर शिक्कामोर्तब झालं. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, २०१० मधल्या संशोधनानुसार वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं.

या खोलगट बशीत झऱ्यांचं, पावसाचं पाणी येतं, पण बाहेर जायला वाटच नाही. ऊन पाणी नेतं, क्षार मागे राहतात. त्यामुळे पीएच १० च्या आसपास! मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. अशा पाण्यात तो बाहेर पडत नाही, रक्तातच साठतो. केनियातल्या मगाडी सरोवरात एक तिलापिया जगतो खरा, पण तो अमोनियाऐवजी युरिया टाकतो. आपल्या रोहू-कटल्याला हे कुठून जमणार?

म्हणून तळं मेलेलं आहे का? मुळीच नाही. त्याचा हिरवा रंग सूक्ष्म शैवालांचा. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात हॅलोआर्किया हे खारप्रेमी सूक्ष्मजीव सापडले. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला.

उद्या तिथे रोहू सुखाने पोहू लागला, तर पेढे वाटू नका. पाणी गोडं झालं, म्हणजे लाखो वर्षांचं लोणार संपलं, असाच त्याचा अर्थ. गावाच्या सांडपाण्याचा प्रश्न नागपूर खंडपीठापर्यंत गेला, तो उगाच नाही.

आम्हा इंजिनिअर मंडळींना रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. इथे जरा आवरूया. पुढच्या ट्रिपला साबण-शाम्पू बसमध्येच ठेवा. आणि मासे खायचेच असतील, तर वाशीमला आमच्या घरी या!