पाणबुडीचे स्मारक आणि झुडपातला डबा

हुतात्म्यांच्या स्मारकाशेजारी झुडपात डबा लपवायचा, लोकांनी मोबाइल हातात धरून तो हुडकायचा, आतल्या वहीत सही करायची आणि घरी जायचे. याला श्रद्धांजली म्हणावे की थट्टा? जिओकॅशिंग या खेळावर हा आक्षेप नेहमी घेतला जातो. महायुद्धात बुडालेल्या पाणबुडीच्या खलाशांच्या नावाने नदीकाठच्या एखाद्या उद्यानात असा डबा ठेवला की तर अधिकच त्वेषाने. हा धागा त्या आक्षेपाच्या विरोधात आहे. मात्र डबा ठेवणाऱ्यांनाही मी मोकळे सोडणार नाही.

आधी खेळ समजून घ्या. मे २००० च्या आरंभापर्यंत अमेरिकी सरकार नागरिकांना मिळणारे जीपीएस मुद्दाम ढोबळ ठेवीत असे. तो निर्बंध उठला आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमधील एका गृहस्थाने रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. पुढे जगभर असे डबे लपवले गेले. त्यांत लष्कराच्या वापरून झालेल्या दारूगोळ्याच्या पेट्याही पुष्कळ. स्मारकाजवळच्या डब्याची रीत थोडी वेगळी असते. तेथे बहुधा फलकावरचे साल, नावांची संख्या किंवा एखादी तारीख वाचून त्यावरून पुढचा ठावठिकाणा काढावा लागतो. म्हणजे फलक वाचल्याशिवाय डबा सापडत नाही. स्मारकासमोर हात जोडून, पाठ फिरवून, छायाचित्र काढून निघून जाणाऱ्यांपैकी किती जण फलक वाचतात, हे प्रत्येकाने स्वतःशीच प्रामाणिकपणे ठरवावे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात फार्गो नावाचे शहर आहे. रेड नदीच्या काठी. दोन्ही महासागर तेथून हजाराहून अधिक किलोमीटर दूर. तेथल्या लिंडनवुड उद्यानात ‘रोबालो’ या पाणबुडीचे स्मारक आहे. समुद्राचे नखही न दिसणाऱ्या गावात पाणबुडीचे स्मारक का? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या गेल्या आणि त्यांच्यासह सुमारे ३,५०० माणसे. युद्धानंतर पाणबुडीवरच्या जुन्या सैनिकांच्या संघटनेने या ५२ नावांची राज्याराज्यांत वाटणी केली: प्रत्येक राज्याला एक, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाला दोन-दोन. नॉर्थ डकोटाच्या वाट्याला रोबालो आली.

तिची कथा सांगण्यासारखी आहे. जन्म विस्कॉन्सिनमधील मॅनिटोवॉक येथे, गोड्या पाण्याच्या मिशिगन सरोवराकाठी. तेथून या पाणबुड्या तरंगत्या गोदीवर चढवून मिसिसिपीमार्गे समुद्राकडे नेल्या जात. कप्तान मॅनिंग किमेल. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर ज्यांना पदावरून दूर केले गेले त्या अ‍ॅडमिरल हझबंड किमेल यांचा हा मुलगा. २२ जून १९४४ रोजी रोबालो ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलहून तिसऱ्या गस्तीवर निघाली. २ जुलैला तिने बोर्निओच्या पूर्वेस एक जपानी युद्धनौका दिसल्याचा संदेश पाठवला. त्यानंतर शांतता.

पुढचे जे काही कळले ते एका चिठोऱ्यामुळे. फिलिपाइन्सच्या पालावान बेटावर प्वेर्तो प्रिन्सेसा येथे जपान्यांच्या तुरुंगात चार माणसे डांबलेली होती: टकर, मार्टिन, लॉफलिन आणि पोस्टन. रोबालोवरच्या ८१ जणांपैकी किनारा गाठून कैदेत पडलेले हे चौघे. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी कोठडीच्या खिडकीतून एक चिठी खाली टाकली. बाहेर कामावर नेलेल्या एका अमेरिकी युद्धकैद्याने ती उचलली आणि ती तेथल्या गनिमी पुढाऱ्याच्या पत्नीपर्यंत, त्रिनिदाद मेंडोसा यांच्यापर्यंत पोहोचली. १५ ऑगस्टला चौघांना एका जपानी विनाशिकेवर चढवून नेल्याचे सांगतात. ते पुन्हा कोणालाही दिसले नाहीत.

त्या चिठीच्या आधारे अधिकृत इतिहासात नोंद झाली: २६ जुलै, पालावानच्या पश्चिम किनाऱ्यापासून दोन मैलांवर. स्फोट पाणबुडीच्या बॅटरीचा झाला, असे कैद्यांचे म्हणणे. नौदलाला सागरी सुरुंगाची शक्यता अधिक वाटली. दशकानुदशके हेच छापले गेले. आणि २०१९ साली पाणबुड्यांनी (येथे माणसे अभिप्रेत आहेत, नौका नव्हे) रोबालोचा सांगाडा शोधून काढला तो पालावानच्या दक्षिणेकडील बालाबाक बेटाच्या पूर्वेला, सुमारे ७० मीटर खोल. जागा चुकली होती. दगडात कोरलेला मजकूरही तपासावा लागतो तो यासाठी. शोध हा शब्द खेळाला शोभतो आणि इतिहासाला शोभत नाही, असे मानणाऱ्यांनी या वस्तुस्थितीकडे जरा थांबून पाहावे.

येथपर्यंत मी डब्याचा वकील. आता फिर्यादी.

अमेरिकी परिभाषेत बुडालेली पाणबुडी बुडत नाही. ती ‘चिरंतन गस्तीवर’ जाते. शब्द सुंदर आहेत, आणि तेथेच गोम आहे. गस्तीवर गेलेल्याला कोणी विचारत नाही की तुला त्या वाटेने पाठवले कोणी? बालाबाकच्या सामुद्रधुनीत सुरुंग पेरलेले होते. काही पाणबुड्या तेथून सुखरूप पार झाल्या, म्हणून मार्ग चालू राहिला. रोबालोचे काय झाले हे मुख्यालयाला कळण्याआधीच, १३ ऑगस्ट १९४४ रोजी, ‘फ्लायर’ ही दुसरी पाणबुडी त्याच सामुद्रधुनीत फुटली. ८६ पैकी ८ वाचले. नंतर चौकशीही झाली. फलकावर मात्र शौर्य आणि नावे एवढेच असते. मार्ग नसतो, आदेश नसतो. डबा ठेवणाराही तेच चार आदराचे शब्द उतरवून घेणार असेल, तर त्याने फलकाची प्रत काढली, एवढेच म्हणता येईल.

यापुढची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. ‘वाहू’ ही अमेरिकेची सर्वांत गाजलेल्या पाणबुड्यांपैकी एक. कप्तान डडली मॉर्टन. २६ जानेवारी १९४३ रोजी न्यू गिनीच्या उत्तरेस तिने ‘बुयो मारू’ हे जपानी वाहतूक जहाज बुडवले आणि मग पाण्यावर आलेल्या होड्यांवर गोळीबार केला. मॉर्टनच्या समजुतीप्रमाणे ते जपानी सैनिक होते. पुढील संशोधनात निघाले ते असे: जहाजावर १,१२६ माणसे होती आणि त्यांपैकी ४९१ हिंदी युद्धकैदी होते, दुसऱ्या बटालियनचे, १६ व्या पंजाब रेजिमेंटचे, मलायाच्या मोहिमेत पकडले गेलेले. त्यांतले १९५ मेले. जपानी मेले ८७. त्या गस्तीबद्दल मॉर्टनला नेव्ही क्रॉस मिळाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानच्या उत्तरेकडील ला पेरूज सामुद्रधुनीत वाहू सर्व खलाशांसह बुडाली.

वाहूच्या खलाशांचे स्मरण करू नये, असे मी म्हणत नाही. तीही कोणाची तरी मुले होती, आणि बहुतेक विशी-पंचविशीतली. जपानमधील वाक्कानाई येथे १९९५ साली त्यांच्यासाठी स्मारक उभे राहिले, तेही दोन्ही बाजूंच्या मृतांच्या नातेवाइकांनी मिळून उभारलेले. म्हणजे शत्रूच्या मृत्यूला शेजारी जागा देणे शक्य आहे. त्या १९५ हिंदी शिपायांना मात्र या मांडणीत ना शत्रूची जागा, ना मित्राची. ब्रिटिश फौजेतले, जपानच्या कैदेतले, अमेरिकी टॉर्पेडोने आणि गोळ्यांनी मेलेले. तीन साम्राज्यांच्या हिशेबवह्यांच्या मधल्या फटीत ते पडले आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांना तरी ते कुठे सापडले?

म्हणून स्मारकाजवळ डबा लपवणाऱ्यांना माझी सूचना अगदी व्यवहारी आहे. रोबालोचा डबा असेल तर कोडे असे घाला की सोडवणाऱ्याला नकाशावर बालाबाक शोधावे लागेल. आणि कोणी वाहूच्या नावाने डबा ठेवणार असेल, तर शेवटच्या रेखांशाचे तीन अंक असे ठेवा की १९५ हा आकडा हुडकून काढल्याशिवाय झाकण उघडणार नाही.